वीस वर्षांची जिप्सी घेऊन लेहला: काय दुरुस्त करावे आणि काय लावूच नये?

अजिंक्यवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २००६ सालची मारुती जिप्सी किंग आहे. हार्ड टॉप, १३०० सीसीचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडणारे) पेट्रोल इंजिन, मीटरवर १ लाख ३८ हजार किमी. नऊ वर्षांपूर्वी कराडच्या एका डॉक्टरांकडून घेतली तेव्हापासून ती साताऱ्यातच असते, आणि तिचे सारे आयुष्य कास, बामणोली, कोयना आणि वर्षातून दोनदा कोकण एवढ्याच परिघात गेले आहे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, पत्नी आणि भाचा असे तिघे मनालीमार्गे लेहला जाऊन श्रीनगरमार्गे परतणार आहोत. जाऊन-येऊन साडेपाच हजार किलोमीटर तरी होतील असा अंदाज आहे.

गाडी चालू स्थितीत आहे, परंतु तिची काही दुखणी मला ठाऊक आहेत. ताशी ६० ते ६५ च्या वेगात पुढचे चाक एखाद्या खड्ड्यात आदळले की स्टिअरिंग असे थरथरू लागते, की गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते शांत होत नाही. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले आहेत. थंडीच्या दिवसांत तापमानाचा काटा अर्ध्यापर्यंतही चढत नाही. ब्रेक लागतात, पण पेडल पूर्वीपेक्षा खोल जाते.

खर्चासाठी ९० हजार रुपये बाजूला काढले आहेत. भाच्याचे म्हणणे असे, की त्यातून लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), मोठे टायर, छतावरचे कॅरिअर आणि पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) बसवावी, म्हणजे गाडी ‘लडाखला शोभेल अशी’ होईल. मला मात्र पैसा आधी कुठे घालावा हेच समजत नाही. दोन महिने हातात आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त फिटर

एसटीच्या आगारात ३१ वर्षे पान्हा हातात धरल्यानंतर आता घरच्या अंगणात जुन्या जीपा आणि जिप्सी उघडत बसतो, म्हणून अधिकाराने नव्हे, पण सवयीने लिहितो.

आपण सांगितलेली चारही लक्षणे स्वतंत्र आहेत आणि चारही ठरावीक आहेत. पहिले, म्हणजे स्टिअरिंगची थरथर, सर्वांत गंभीर आहे. गॅरेजवाले यावर बहुधा व्हील बॅलन्सिंग सांगतात किंवा नवीन स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतात. डॅम्परने थरथर दबते, बरी होत नाही. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड असून, चाक ज्या नकलवर वळते ती वर आणि खाली एकेका किंगपिन बेअरिंगवर तोललेली असते. हे बेअरिंग झिजले की थरथर सुरू होते. खात्री करण्याची पद्धत सोपी आहे. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलावा, चाक वर आणि खाली अशा दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवावे, आणि दुसऱ्या माणसाने बॅटरी घेऊन आतल्या बाजूने पाहावे. चाकाबरोबर नकलही हलत असेल तर दोष किंगपिनचा. नकल स्थिर राहून फक्त हब हलत असेल तर दोष व्हील बेअरिंगचा. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते केल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये. पाट्यांच्या शॅकलचे (पाटा चॅसिसला जोडणाऱ्या दुव्याचे) बुश आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट त्याच वेळी पाहून घ्यावेत, कारण थरथरीला एकच धनी असतो असे नाही.

तापमानाचा काटा न चढण्याचे कारण मी गाडी न पाहता सांगतो: कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला आहे. आपल्याकडे ही जुनी खोड आहे. गाडी एकदा तापली की मिस्त्री ‘व्हॉल्व्ह’ काढून फेकतो आणि गिऱ्हाईकही खूश होते. साताऱ्यात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला, म्हणजे सुमारे ४,३०० मीटरवर, इंजिन नीट तापलेच नाही तर ईसीयू (इंजिनाचा संगणक) ते थंडच समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि जिथे पंप नाहीत तिथेच आपले अ‍ॅव्हरेज घसरते. थर्मोस्टॅट परत बसवावा, पण त्याआधी रेडिएटरचे रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणे) करून घ्यावे. नाहीतर ज्या कारणाने तो काढला गेला ते कारण पुन्हा डोके वर काढील.

आणखी एक. रेडिएटरमध्ये काय आहे ते पाहा. नळाचे पाणी असेल तर सप्टेंबरातल्या तिकडच्या रात्रीत ते गोठू शकते, आणि गोठलेले पाणी ब्लॉकला तडा देते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घातले तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. रेडिएटरचे झाकणही नवीन घ्यावे. पाच हजार मीटरवर साधे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे कूलंट उकळू न देण्याचे काम त्या झाकणाच्या स्प्रिंगने धरलेला दाब करतो. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे आणि ती कोणीच बदलत नाही.

चाकोरीबाहेर

काकांचे सर्व मान्य आहे, तरीही भाच्याच्या बाजूने थोडे लिहितो. मी माझ्या जिप्सीला दोन इंचांचे लिफ्ट आणि २३५/७५ आर १५ मापाचे टायर लावले आहेत, आणि दगडांतून जाताना त्याने जमीन-आसमानाचा फरक पडतो. बारालाचा खिंडीच्या अलीकडचे नाले पाहता उंची उपयोगीच पडेल. बसलेले पाटे बदलणारच आहात, तर मग थोडे उंच पाटे घ्यायला काय हरकत आहे?

पाटाबुश

@चाकोरीबाहेर, आपली गाडी मी मुळशीला पाहिली आहे आणि ती सुरेख आहे. पण आपण ती ट्रेलवर नेता आणि संध्याकाळी घरी आणता. धागाकर्त्याला साडेपाच हजार किलोमीटर जायचे आहे आणि त्यातले बहुतेक डांबरावर. म्हणून थोडे गणित मांडतो.

मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर असतो. २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. म्हणजे चाक जवळपास १० टक्क्यांनी मोठे होते आणि प्रत्येक गिअर तेवढाच जड पडतो. समुद्रसपाटीवर हे इंजिन ८० अश्वशक्ती देते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हवेच्या दाबाबरोबर उतरते, आणि ५,३२८ मीटरच्या तांगलांग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. थोडक्यात, चाळिशीतली अश्वशक्ती, तीन माणसे, सामान, जास्तीचे पेट्रोल, आणि त्यावर १० टक्के जड गिअर. गाटा लूप्सच्या २१ वळणांवर पहिल्या गिअरमध्ये क्लच घासत जाण्याची ही उत्तम तयारी आहे. स्पीडोमीटर वेग कमी दाखवील आणि ब्रेकला मोठे चाक थांबवावे लागेल, ते वेगळेच.

उंच पाट्यांबद्दल: लिफ्ट केल्यावर प्रोपेलर शाफ्टचे (ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे) कोन बदलतात आणि क्रॉसवर (त्याच्या सांध्यांवर) ताण येतो. जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी, रबराच्या माउंटवर टांगलेली असते, आणि दोहोंमध्ये एक आखूड शाफ्ट असतो. वीस वर्षांच्या गाडीत ती रबरे फाटलेली असण्याचीच शक्यता अधिक. फाटलेल्या माउंटवर लिफ्ट चढवणे म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला उंच टाचेचे बूट घालणे होय.

कायद्याचाही विचार करावा. बुलबारवर (पुढच्या बंपरवरच्या लोखंडी गार्डवर) केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन बंदी घातली आहे, आणि मूळ बनावटीशी विसंगत फेरफार चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. दूरच्या राज्यात, अपघातानंतर, विमा कंपनीशी या विषयावर चर्चा करण्याची वेळ कोणावर येऊ नये.

चढावर ताकद हवी असेल तर ती गाडीतच आहे. आपल्या गाडीला हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असतील, तर ते मोकळे ठेवून ट्रान्सफर केस ४एल (फोर-व्हील लो) मध्ये टाकता येते. पुढची चाके मोकळी राहतात, मागच्यांना लो रेंज मिळते, आणि कोरड्या डांबरावर फोर-व्हील गुंतवल्याने शाफ्टना जो पीळ बसतो तो बसत नाही. हब कायमचे जोडलेले असतील तर मात्र कोरड्या कडक रस्त्यावर हा प्रयोग करू नये.

मागचे पाटे नवीन घ्यावेत, पण मूळ उंचीचेच.

पंजाबातली मराठी

मूळची सांगलीची, चौदा वर्षे चंडीगडला. आमच्या भागात जिप्सीचे वेड फार, त्यामुळे जाताना काही लागलेच तर मोहालीत भागही मिळतील आणि काम जाणणारी माणसेही. तरीही दोन-चार गोष्टी घरूनच करून निघा.

पहिली आणि तातडीची: आरसीची मुदत पाहा. २००६ ची गाडी म्हणजे १५ वर्षे २०२१ ला संपली, आणि पुनर्नोंदणी ५ वर्षांचीच मिळते. कोणत्या महिन्यात संपते?

दुसरी, दिल्ली. १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबतची तिथली अंमलबजावणी गेल्या काही काळात अनेकदा बदलली आहे, आणि एनसीआरमध्ये हरियाणाचे बरेच जिल्हे येतात. निघण्याच्या आठवड्यात जो नियम लागू असेल तो वाचूनच रस्ता ठरवावा.

तिसरी, पेट्रोलच्या नळ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि २००६ ची गाडी ते गृहीत धरून बनवलेली नाही. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात किंवा बाहेरून कडक होऊन चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहावी; वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर इथेनॉलला टिकणारी नळी घालावी. पेट्रोल फिल्टर नवीन घालून जुना बरोबर घ्यावा.

चौथी, ब्रेक. पेडल खोल जाते म्हणता, तर मागचे ड्रम समायोजित करून घ्यावेतच, पण ऑइलही पूर्ण बदलावे. डॉट ३ ऑइल नवे असताना २०५ अंशांना उकळते. त्याने हवेतले पाणी पुरेसे शोषले की हा आकडा १४० पर्यंत उतरतो. खिंडीवरून तासभर उतरताना पेडल अचानक मऊ पडते ते यामुळेच. इंजिन ब्रेकिंगची सवय घाटवाल्यांना असतेच, म्हणून अधिक लिहीत नाही.

पेट्रोलचा हिशेब असा: टाकी ४० लिटरची. मनालीच्या पुढच्या तांदी गावच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची प्रसिद्ध पाटी आहे. डोंगरात लिटरला ९ मिळाले तरी ४० लिटरमध्ये ३६० होतात, आणि ९ मिळतीलच असे नाही. २० लिटर जास्तीचे, धातूच्या कॅनमध्ये, वर चार बोटे मोकळी जागा ठेवून न्यावे. प्लास्टिकचे डबे अजिबात नकोत. मात्र ते तांदीलाच भरावे. मनालीहून ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून भरलेले कॅन नेण्यात काहीच हशील नाही.

अजिंक्यवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद वाचून कपाटातून आरसी काढली. मुदत १२ सप्टेंबरला संपते. म्हणजे आम्ही नेमके लेहमध्ये असताना माझी गाडी कागदोपत्री बाद झाली असती! मुदतीपूर्वी ६० दिवसांच्या आत फॉर्म २५ (नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज) भरता येतो असे कळले. गाडीची तपासणी होईल तेव्हा ती मूळ स्वरूपात असलेली बरी, हे भाच्यालाही पटले. लिफ्ट किटचा विषय घरात तरी संपला.

काकांनी सांगितल्याप्रमाणे पुढचा अ‍ॅक्सल उचलला. डावी नकल चाकाबरोबर स्पष्ट हलत होती. कराडला एका ओळखीच्या मिस्त्रींसमोर बसून ती उघडली. आतले ग्रीस चहाच्या रंगाचे आणि पातळ झाले होते, म्हणजे बामणोलीच्या कुठल्यातरी ओढ्याचे पाणी फाटलेल्या सीलमधून आत जाऊन बसले होते. खालच्या किंगपिन बेअरिंगची बाहेरची कडी मिस्त्रींनी पुसून माझ्या हातात दिली, तर तिच्यावर अंगठ्याच्या नखाने दाबावेत तसे एका ओळीत खळगे पडलेले होते. बेअरिंग हातात फिरवले तर ते गुळगुळीत न फिरता खटक्या-खटक्याने फिरत होते. दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंगे, व्हील बेअरिंगे आणि सगळी सीले बदलली.

थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हता. काकांना नमस्कार.

नवीन दुखणे मात्र एक सापडले. मागचे पाटे काढताना उजव्या शॅकलच्या वर, चॅसिसवर डांबरी रंगाचा जाड थर होता. तो खरवडला आणि मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला, तर तो अर्धा इंच आत गेला. आता काय करावे?

निवृत्त फिटर

बरे झाले, आत्ताच सापडले. पाट्याचा सगळा भार तिथेच येतो. वरून पत्र्याची चकती चिकटवून देतो असे कोणी म्हटले तर गाडी तिथून काढावी. सडलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत कापून काढायचा, तेवढ्याच जाडीचा तुकडा घालायचा, आणि शक्य तर आतल्या बाजूनेही मेण किंवा तेल मारायचे, कारण गंज आतून येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोके आणि ईसीयूचा सॉकेट सोडवावा. पेट्रोलची टाकी मागेच आहे, तेव्हा ती उतरवल्याशिवाय वेल्डिंगची कांडी पेटवू देऊ नये. ‘ओले पोते टाकतो’ म्हणणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये.

टाकी उतरेल तेव्हा डिफरन्शिअलचे (चाकांमधल्या गिअरपेटीचे) ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची छिद्रे, पाहून घ्यावेत. गरम हाउसिंग थंड नाल्यात शिरले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर हवेऐवजी सीलच्या फटीतून पाणी ओढले जाते. आपल्या नकलमध्ये चहा तयार झाला, तसाच डिफरन्शिअलमध्येही झाला असेल; तळाचा बोल्ट सोडून ऑइलचा रंग बघा. ब्रीदरला लांब नळी जोडून ती बॉनेटखाली किंवा बॉडीत उंच नेणे, ही एकच सुधारणा मी तुम्हाला आग्रहाने सुचवीन.

नाले सकाळी लवकर ओलांडावेत. दुपारी उन्हाने बर्फ वितळून पाणी वाढते.

कासपठार

माझी १९९४ ची कार्ब्युरेटरची जिप्सी २०१५ मध्ये लेहला जाऊन आली. एमपीएफआयवाल्यांना उंचीवर मिश्रण आपोआप जुळवून मिळते. आम्हाला केलाँगला थांबून मिश्रणातले पेट्रोल कमी करावे लागले, तरी प्लग काजळीने काळे होतच होते. त्या मानाने आपण सुखी आहात.

टायरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचे टायर घेऊन निघू नये, आणि स्टेपनीचा आकडा आधी पाहावा, कारण ती बहुतेक वेळा गाडीसोबत आलेलीच असते. उंचीवर बाहेरचा दाब उतरल्याने गेज काही पौंड जास्त दाखवतो, पण थंडीने आतला दाब उतरतोही. दोन्हींची वजाबाकी पहाटे थंड टायरवर मोजूनच करावी.

सुट्या भागांत क्लच केबल आणि अ‍ॅक्सिलरेटर केबल विसरू नका. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो.

अजिंक्यवाट (धागाकर्ता)

स्टेपनीचा आकडा ३१११ निघाला. म्हणजे २०११ च्या जुलै-ऑगस्टमधला टायर मी नऊ वर्षे मोठ्या विश्वासाने पाठीवर वाहत होतो. पाच नवीन टायर घेतले, मूळ मापाचे. डिफरन्शिअलचे ऑइल पुढचे ठीक, मागचे दुधाळ होते. बदलले, आणि ब्रीदरच्या नळ्या वर नेल्या. चॅसिसचे काम कराडलाच झाले, टाकी उतरवून. एकूण खर्च ८७ हजारांवर गेला आणि बाहेरून पाहणाऱ्याला गाडीत काहीही केलेले दिसत नाही. भाचा याच गोष्टीने खट्टू आहे.

गेल्या शनिवारी आणि रविवारी सामानाचे पूर्ण ओझे घालून चाचणी घेतली: साताऱ्याहून पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, आणि परतताना पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. सुमारे ४०० किमी. स्टिअरिंग ७० च्या वेगात खड्ड्यावरूनही थरथरले नाही. परंतु जे बिघडले ते सगळे नवीन कामातलेच बिघडले. पाटणला चहाला थांबलो तेव्हा सवयीने चारही हबवर हात ठेवला, तर पुढचा उजवा इतका तापला होता की हात टेकवेना. व्हील बेअरिंगचा नट जास्त आवळला गेला होता. मिस्त्रींनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पाटणच्याच एका गॅरेजात तो सैल करून घेतला. चिपळूणच्या पुढे पेट्रोलचा वास येऊ लागला, कारण नव्या नळीचा एक क्लिप नीट बसला नव्हता. आंबेनळी चढताना क्लच खालीच धरू लागला. नवी केबल ताणली गेली होती, तिथेच समायोजित केली. यातली कोणतीही गोष्ट गाटा लूप्सवर घडली असती तर हा प्रतिसाद मी बहुधा लिहीत नसतो.

सगळे पुन्हा आवळून, पुन्हा तपासून येत्या रविवारी हीच फेरी दुसऱ्यांदा करणार आहे. आरसीचे काम मंजूर झाले असून नवीन मुदत २०३१ पर्यंतची मिळाली आहे. २ सप्टेंबरला पहाटे निघू. दोन दहा-दहा लिटरचे पत्र्याचे कॅन मागे बांधले आहेत; ते तांदीपर्यंत रिकामेच राहतील.